टीव्ही चालू आहे तोवर 'तू'

आक्का, टीव्ही लावलाय. आवाज बंद ठेवलाय, कारण खाली तुझ्या तेराव्याची भांडी आवरायचं काम चाललंय आणि वर टीव्ही लागलाय हे कुणाला कळलं तर माझंही तेरावं घालतील. पण टीव्ही चालू आहे. म्हणजे मला तुला 'तू' म्हणायची मुभा आहे.

तुला ठाऊक आहे, पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगते. तू माझी थोरली जाऊ. गडहिंग्लजहून लग्न होऊन कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, थोरलीला अहो-जाहो करायचं. सासूबाई गेल्या, दंडक राहिला. मात्र पिक्चर बघायला बसलो की माझ्या तोंडातून "अगं बघ की!" निसटायचंच. पहिल्यांदा निसटलं तेव्हा मी जीभ चावली. तू पडद्यावरची नजर न हलवता म्हणालीस, "असू दे. टीव्ही चालू हाय तोवर चालतंय. बंद झाला की मी थोरली." तेव्हापासून दुपारी टीव्ही चालू असला की तू, बंद झाला की तुम्ही. असं बोलता बोलता आपल्या दोघींचे केस पांढरे झाले.

आता मुद्द्याचं. तुझा फ्लेक्स बघून मला शिसारी आलीय.

तू गेलीस त्याच संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या खांबाला लागला. माणूस घरातून बाहेर पडेपर्यंत धीर नाही लोकांना. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं तुझ्या तोंडापेक्षा मोठी. खाली 'शोकाकुल' म्हणून गल्लीतल्या पोरांचे फोटो, त्यातल्या दोघांनी गॉगल घातलेत. दुःखानं डोळे दिपले असतील बिचाऱ्यांचे! तेही मी गिळलं असतं. पण फोटो? तुझे इतके फोटो आहेत. तुझ्या सागरच्या लग्नात बँडवाल्याशी भांडतानाचा किती झकास आहे. ते सगळे सोडून लावला कुठला, तर त्या मुंबईच्या पाहुण्यांनी काढलेल्या फिल्ममधला. नाकात नथ, अंगावर दुसरीचं नऊवारी, मागं धूर, आणि डोळे काठोकाठ भरलेले. तेरा दिवस मी दूध आणायला जाताना मान खाली घालून त्या खांबाखालून गेले.

आपलं मत देण्याचं एक शास्त्र होतं. जेवणं उरकली, पुरुष दुकानाकडं गेले की मी जिना चढून तुझ्या खोलीत. सागरनं मोठा टीव्ही घेतला, त्यावर जगातले पिक्चर लावून दिले आणि वर म्हणाला, "बघा आता, भांडू नका." भांडायचं नाही तर बघायचं कशाला? पिक्चर संपला की चहा. आणि चहाचे कप विसळायच्या आत मत सांगायचं, हा तुझा नियम. कप विसळून झाल्यावर सांगितलेलं मत तू धरायची नाहीस. "इचार करून सांगिटलंस की त्यात खोटं मिसळतंय," म्हणायचीस.

अलीकडं आपण काय काय सोसलं ते आठव जरा. ती बाई आठवते का, नवरा मेल्यावर घर विकून डोंगरात जाते आणि कुठल्याशा म्हाताऱ्याकडं मातीची भांडी करायला शिकते? परीक्षणात सगळे म्हणत होते, जगण्याचा अर्थ सांगणारा पिक्चर. मीही, खोटं कशाला बोलू, पदर डोळ्यांना लावला होता. तू कप तोंडाला लावायच्या आधी म्हणालीस, "एवढी भांडी केली हिनं, पर घासालंय कोण ते दावलंच न्हाय." झालं, माझं रडू गेलं. मग तो पोलीस. बायको मेलेली, दारू पितो, दर भागात पावसात उभा. आठ भाग तो भिजला आणि आठही भाग तू ओरडलीस, "अरं ह्याला कुणीतरी छत्री द्या की!" आणि तो गावाकडचा पिक्चर, बक्षिसं मिळालेला. सगळी माणसं मळकी, सगळी हळू चालणारी, एक वाक्य बोलायचं तर आधी आभाळाकडं बघणारी. तुझं माहेर कबनूर. दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट, तिथं हळू बोलणाऱ्याला भाकरीसुद्धा मिळायची नाही. तू विचारलंस, "हे कुठलं गाव म्हणायचं? हितं माणसं जित्ती हायत न्हवं?" शी! त्या पिक्चरचा नुसता उल्लेख केला तरी तू पुढचा आठवडाभर तोंड वाकडं करायचीस.

प्राण्यांच्या डॉक्युमेंटरी मात्र तुला आवडायच्या. आवडायच्या म्हणजे त्यात तू पडद्याशी थेट भांडायचीस. बर्फातलं ते अस्वलाचं पिल्लू, आईपासून चुकलेलं. चालतंय, पडतंय, पुन्हा चालतंय. सांगणारा माणूस मधासारख्या आवाजात सांगतोय की आता याची शक्ती संपत आली आहे. तू उठून उभी राहिलीस.

"कॅमेरा धरून हुबा ऱ्हायलाईस व्हय रं मुडद्या? उचल की त्येला!"

"आक्का, त्यांचा नियम असतोय. मधी पडायचं न्हाय."

"कुणी केला नियम? अस्वलानं?"

"अगं, मधी पडला तर पिक्चर कसा हुणार?"

"न्हाय झाला तर काय कुणाचं अडलंय?"

हे भांडण आपण किती दिवस ओढलं. मी म्हणायची, निसर्गात लुडबुड करू नये. तू म्हणायचीस, बघत उभं राहणं ही पण लुडबुडच. मी तुला कधी बरोबर म्हटलं नाही. हे पिल्लू लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

मग गेल्या थंडीत ते पाहुणे आले. मुंबईहून, कोल्हापुरी रश्श्यावर डॉक्युमेंटरी करायला. कुणीतरी सांगितलं, मंगळवार पेठेतल्या आक्कांच्या हातचा रस्सा खाऊन बघा. त्यांनी खाल्ला नाही. दिग्दर्शक मटण खात नव्हता आणि बाकीच्यांनी डब्यात सँडविच आणले होते. नुसतं बघायचं होतं त्यांना. दिग्दर्शक तुझ्या स्वयंपाकघरात आला आणि पहिलं काय केलं, तर मिक्सरवर चादर टाकली. गॅस त्याला चालेना. परसात तीन विटांची चूल मांडली. पाटा-वरवंटा कुठून आणला? शेजारच्यांच्या मागल्या दारातून, त्यांच्याकडं आता त्या पाट्यावर कपडे धुतात. आलं-लसणाला साबणाचा वास. वाफ नीट दिसेना म्हणून पातेल्याच्या मागं उदबत्त्या लावल्या, रश्श्याला चंदनाचा वास. मी म्हटलं, आता हळदकुंकू वाहून आरतीच करा मटणाची. तुला गाऊनवर बघून तो म्हणाला, मावशी, जरा पारंपरिक. नऊवारी आली, नथ आली. तुझं नाक टोचलेलंसुद्धा नाही. दाबून बसवली.

तरी यातलं कशानंच मला एवढी किळस आली नाही, जेवढी त्या एका शब्दानं आली. तू वरवंटा धरून म्हणालीस, "मग मी ह्यात खोबरं घालतो." तो म्हणाला, "मावशी, 'घालते' म्हणा ना. 'घालतो' पुरुषी वाटतं. लोकांचा गोंधळ होईल."

आपल्यात बायका 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात. आपल्या आयांनी तसंच म्हटलं. मी हे लिहिताना 'आले, गेले' लिहितेय ती शाळेनं लावलेली सवय, तू वाचलं असतंस तर म्हणाली असतीस, "ही कोण पुण्याची बाई बोलालीया?" सासूबाईंपुढं, कलेक्टरपुढं, देवापुढं तू 'मी आलो' म्हणालीस. आणि त्या सँडविच खाणाऱ्यापुढं तू माझ्याकडं एकदा बघितलंस आणि म्हणालीस, "मग मी ह्यात खोबरं घालते."

त्यात लाकडं ओली. धूर असा की परसाची भिंत दिसेना. तुझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, खोकला दाबून दाबून तू वाटत बसलीस. मी म्हटलं, "पावणं, बास करा की. पाणी तरी पिऊ द्या त्यास्नी." त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि पुटपुटला, "एकच मिनिट, फार सुंदर येतंय." सुंदर! माणूस गुदमरतोय आणि ह्याला सुंदर येतंय. मी आत गेले, तांब्या भरून आणला आणि सरळ त्यांच्या कॅमेऱ्यासमोर जाऊन चुलीत ओतला. काय तो आरडाओरडा! लाइट गेला, शॉट गेला, मूड गेला. तू खोकत खोकत हसत होतीस. हसू आवरेना तुला. म्हणालीस, "आता कोण मधी पडलं गं, धाकटे?" अस्वलाच्या भांडणात तू जिंकलीस, हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. आज म्हणते.

फिल्म आली तेव्हा तू गल्ली बोलावलीस. इस्त्रीची साडी नेसून टीव्हीपुढं ताठ बसलीस. पडद्यावर सारंगी रडतेय, कुणीतरी विहिरीतून बोलल्यासारखा बोलतोय, 'या डोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची वेदना आहे.' दर दुसऱ्या वाक्याला 'झणझणीत'. तुझ्या रश्श्याला कधी कुणी झणझणीत म्हटलं असतं तर तू वाटी काढून घेतली असतीस. मी स्वयंपाकघराच्या दाराशी बसून दात आवळत होते. संपलं. बायका टाळ्या वाजवताहेत, चहा फिरला, आणि तू माझ्याकडं वळलीस.

"सांग."

"ओकारी आली," मी म्हटलं. सगळ्यांदेखत.

तू "बरं" म्हणालीस, रिमोट घेतलास आणि टीव्ही बंद केलास. म्हणजे झाली तू थोरली. आता पुढं काही बोलायचं तर अहो-जाहो करून बोलायला पाहिजे, आणि अहो-जाहो करून भांडता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? त्या रात्री रागानं मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. माझं ते तसंच आहे, दुःख झालं की अन्न उतरत नाही, चिडले की पातेली रिकामी करते. तू वाढत राहिलीस. शेवटची वाढताना एवढंच म्हणालीस, "नथ खोटी हाय. धूर खरा हाय. डोळं माझंच हायत."

त्यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण टीव्ही बंद होता.

नंतर मला कळलं, दुपारी मी वर यायच्या आधी तू ती फिल्म एकटी बघायचीस. जिन्यात असताना तो विहिरीतला आवाज ऐकू यायचा आणि माझं पाऊल वाजलं की गप व्हायचा. मी आत येऊन काही माहीत नसल्यासारखी बसायची. मला राग यायचा. एवढे पिक्चर आपण दोघींनी फाडून खाल्ले, कुणाची भीड ठेवली नाही, आणि तुझा स्वतःचा आला तर तू विरघळलीस? काय बघत होतीस त्यात? असं तोंडावर विचारायचं होतं. मग तुझ्या छातीत पाणी झालं, दवाखाना सुरू झाला, आणि विचारायचं राहिलं.

तुझ्या जाण्याचा पिक्चर तर तू बघायलाच हवा होतास. कप उचलायच्या आत आपण त्याची चामडी सोलली असती. स्मशानात पुण्याच्या एका पाव्हण्यानं व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल उंच धरून चितेभोवती फिरतोय, "दिसतंय का? आता दिसतंय का?" तुला आणखी नीट दिसावं म्हणून लाकडं बाजूला करायला सांगितली नाहीत एवढंच नशीब. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसला तू, धूर आणि सारंगी. ज्यांनी तुला फोनवर कधी 'जेवलीस का' विचारलं नाही त्यांनी खाली लिहिलं, 'आमचा आधारवड हरपला.' आणि भेटायला आलेल्या बायका! खांबावरचा फ्लेक्स बघून वर यायच्या आणि पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "काय दुःख हुतं वो डोळ्यांत. लई सोसलं बिचारीनं."

बिचारी! तुला! अगं, तू सोसलंस? तुझ्यामुळं लोकांनी सोसलं! बँडवाल्यानं सोसलं, भाजीवाल्यानं सोसलं, मी सोसलं. ओल्या लाकडाचा धूर तो, बाई, वेदना कुठली! एकीला तर मी सांगितलंच. ती माझ्याकडं टक लावून बघत राहिली आणि खाली जाऊन म्हणाली, धाकटीच्या डोळ्यांत टिपूस नाही, दगड आहे. खरं आहे. तेरा दिवस मी रडले नाही. कुठून रडणार, रडायला बसले की तो फ्लेक्स डोळ्यांपुढं यायचा आणि माथं भडकायचं.

आज सकाळी ठरवलं. तेराव्याला माणसं येणार, त्यांच्या आधी तो उतरवायचा. एका हातात स्टूल, एका हातात विळा, अशी निघाले. दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला. स्टुलावर चढून पहिली सुतळी कापली आणि तुझी एक बाजू लोंबायला लागली, तेवढ्यात सागर पळत आला.

"काकी! उतर खाली. पडशील."

"कुणी निवडला रं ह्यो फोटो? लाज न्हाय वाटली? आईचा एक चांगला फोटो मिळंना?"

"मी न्हाय निवडला."

"मग कुणी?"

"आईनं."

मी विळा घेऊन तशीच उभी. तो खाली बघत सांगत होता. दवाखान्यातून तुला मधे घरी आणलं होतं ना, तेव्हाची गोष्ट. तू फिल्म लावायला सांगितलीस, एका जागी थांबवलीस आणि म्हणालीस, ह्याचा फोटो काढून ठेव. तो म्हणाला, आई, लग्नातला चांगला आहे की. आणि मग तू जे म्हणालीस ते त्यानं तुझ्याच शब्दांत सांगितलं.

"ह्योच लाव. आणि धाकटीला येता-जाता दिसंल असा लाव. मी गेलो की ती रडत बसंल, जेवायची न्हाय. ह्यो बघिटला की चिडंल. चिडली की जेवतिया ती."

मी स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले, रस्त्यात. सागरनं विळा काढून घेतला. तेरा दिवस मी दोन्ही वेळा पोटभर जेवलेय, आक्का. बायका त्यावरूनही बोलल्या.

सुतळी त्यानं परत बांधली. मी नको म्हटलं नाही.

पंगती उठल्यावर वर आले आणि तुझी फिल्म लावली. आवाज बंद असला की ना सारंगी ना विहीर, नुसती तू. तू जिथं थांबवली होतीस तिथंच मीही थांबवली. पहिल्यांदा नीट बघितलं. डोळ्यांत पाणी आहे. पण तू कॅमेऱ्याकडं बघत नाहीस. त्याच्या जरा डावीकडं बघतेस, आणि ओठाचा एक कोपरा हलायला लागलाय. डावीकडं परसाचं दार. त्या दारात मी होते, तांब्या घेऊन. पुढच्याच क्षणाला तू हसणार होतीस, पण ते हसू त्या मूर्खानं कापलं. एवढंच बघायला तू रोज दुपारी ती फिल्म लावायचीस होय गं? मग पायरीवर माझं पाऊल वाजलं की बंद कशाला करायचीस? मी तर तिथंच येत होते.

फिल्म भिकार आहे. ते मी मागं घेत नाही. 'घालते' भिकार, उदबत्त्या भिकार, फ्लेक्सवरचे गॉगल तर अति भिकार. तो खांबावर राहू दे. ऊन-पावसानं विटेपर्यंत राहू दे. उद्या दूध आणायला जाताना मान वर करून बघीन, तू माझ्याकडंच बघतेस म्हणून.

चहा संपत आला. खालून हाका मारताहेत, कप विसळायला घ्यायला हवा. त्याच्या आत मत सांगायचं, म्हणून हे घाईनं लिहिलं. आता टीव्ही बंद करते.

केला.

शेवट तेवढा बरा काढलात, आक्का.